हृदयविकाराचा झटका आणि रक्ताची साक्ष

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हृदयविकाराच्या रक्ततपासणीवर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मराठी वाङ्मय, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे आमचे विषय. प्रयोगशाळेशी आमचा संबंध दहावीबरोबरच संपला. तरीही वार्षिकांकासाठी अभ्यासलेख मागविण्यात आले तेव्हा माझ्यापुढे दुसरा विषय आलाच नाही. त्याचे कारण घरगुती आहे. ते अगोदर सांगतो, म्हणजे पुढील शास्त्रीय माहिती वाचकांना निष्कारण वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, त्या वेळी ५४ वर्षांचे होते. पहाटे जंगलात गेलेले, दहाच्या सुमारास फळीवरून परत येत असताना त्यांना छातीच्या मधोमध कोणी पाटा ठेवावा तसे झाले. दरदरून घाम फुटला. डावा हात जड पडला. मी सुटीत घरी होतो. शेजारच्या एकाला मागे बसवून, मोठ्या बाबांना मध्ये धरून, मोटारसायकलने आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. पोहोचलो तेव्हा अकरासुद्धा वाजले नव्हते. तेथे रक्त घेऊन एका लहानशा पांढऱ्या कार्डावर काही थेंब टाकण्यात आले. पंधरा मिनिटांनी कार्डावर एकच रेघ उमटली. "घाबरायचं काम नाही जी काकाजी, हार्टचं काही नाही. उनाचं पित्त आहे," असे सांगून गोळ्या दिल्या. कार्डिओग्राम निघाला नाही. यंत्र होते की नव्हते, हे आम्ही विचारलेही नाही. रेघ एकच आली याचाच आम्हाला इतका आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांना अंगणातून पडवीत येतानाही दम लागू लागला. मग मात्र गाडी करून दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे कार्डिओग्राम निघाला, आणि झटका येऊन दोन-तीन दिवस झाले असावेत असे डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले. तीच रक्ततपासणी तेथे पुन्हा झाली आणि या वेळी ती ठळकपणे सकारात्मक आली.

"इतके दिवस घरी का ठेवलंत यांना?" डॉक्टरांनी मला विचारले.

"त्याच दिवशी नेलं होतं सर. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह होता."

"दुखायला लागल्यानंतर किती वेळानं रक्त घेतलं होतं?"

मला वाटले, किती वेळाने याला काय महत्त्व? तपासणी ती तपासणी. परंतु या एका प्रश्नातच सगळे आहे, हे मला पुढे वाचन करताना कळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तके, आणि माझ्या शंकांना न कंटाळता उत्तरे देणारे एक डॉक्टर, यांचा आधार मी घेतला आहे. समजण्यात काही चूक असेल तर ती माझी.

झटका म्हणजे नेमके काय?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते; पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते. ते त्यांना हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी त्या थराला चीर पडते आणि जखमेवर गुठळी धरावी तशी तेथे रक्ताची गुठळी धरते. पाटाच्या पाण्यात कोणी मातीचा बांध घालावा तसा पुढचा प्रवाह बंद होतो, आणि त्या रोहिणीवर अवलंबून असलेला स्नायूचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. हे सर्व एका क्षणात होत नाही. गुठळी बसल्यापासून साधारण अर्ध्या तासाने पेशी मरायला प्रारंभ होतो आणि पुढे कित्येक तास हे मरण आतून बाहेर पसरत जाते. म्हणूनच पहिल्या काही तासांत गुठळी विरघळली तर पुष्कळ स्नायू वाचतो. उशीर झाला तर उपचार होऊनही हृदय दुबळे राहते.

मरणाऱ्या पेशीचे आवरण फाटते आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपून रक्तात मिसळतात. हृदयाच्या पेशीतच असणारे एखादे द्रव्य हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात सापडले, तर हृदयाचा स्नायू दुखावला आहे हे छाती न उघडता कळू शकते. एवढ्या साध्या विचारावर ही सर्व तपासणी उभी आहे.

असा साक्षीदार मिळविण्यासाठी वैद्यकशास्त्राला पन्नास वर्षे खर्ची घालावी लागली. न्यूयॉर्कमधील लाड्यू, व्रोब्लेवस्की आणि कारमेन या तिघांनी १९५४ साली असे दाखविले की, झटका आलेल्या रुग्णाच्या रक्तात ट्रान्सअमिनेज नावाचे विकर वाढते. आजही रक्ताच्या रिपोर्टावर एस.जी.ओ.टी. अशी ओळ छापलेली दिसते, ती याच विकराची. कावीळ झाली म्हणून ही तपासणी करून घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिने एकेकाळी हृदयाची चाकरी केली आहे! अडचण उघडच आहे. जे विकर यकृतातही आहे, ते वाढले म्हणून हृदयाचे नाव कसे घ्यावे? पुढे एल.डी.एच. आले, सी.पी.के. आले. सी.पी.के. हे विकर हातापायांच्या स्नायूंतही भरपूर असते, त्यामुळे दिवसभर लाकडे फोडणाऱ्याच्या रक्तातही ते चढते. मग त्यातील हृदयात अधिक असणारा 'एम.बी.' हा प्रकार वेगळा मोजू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये ठरविलेल्या व्याख्येत छातीचे दुखणे, कार्डिओग्राम आणि रक्तातील विकरे या तिघांपैकी दोघांची साक्ष आवश्यक मानली होती. एकट्या रक्ताच्या साक्षीवर तेव्हाही कोणी निकाल देत नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ट्रोपोनिन

आज ज्या द्रव्यावर सर्व भिस्त आहे ते विकर नाही, प्रथिन आहे. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी स्नायू आकुंचन कसा पावतो याचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या काही वर्षांत हे प्रथिन सापडले आणि १९६५ साली त्याला ट्रोपोनिन हे नाव मिळाले. हृदयविकाराचे निदान करावे असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. स्नायूच्या तंतूंवर कॅल्शियम येऊन पोहोचले की ट्रोपोनिन दाराची कडी काढल्याप्रमाणे बाजूला सरते आणि तंतू एकमेकांवर सरकतात, म्हणजेच स्नायू आकुंचन पावतो. या कडीचे तीन भाग आहेत: सी, आय आणि टी. त्यांपैकी 'सी' हृदयात आणि हातापायांच्या काही स्नायूंत एकसारखाच असतो, म्हणून निदानाला निरुपयोगी. परंतु 'आय' आणि 'टी' यांची हृदयातील घडण इतर स्नायूंहून निराळी आहे. रेशनच्या दुकानातल्या सगळ्या पोत्यांत तांदूळच असतो, पण एका गिरणीचा शिक्का वेगळा. तसे हे आहे. तो शिक्का ओळखणारी प्रतिपिंडे तयार करता आली की काम झाले. १९८७ साली इंग्लंडमध्ये ट्रोपोनिन-आय आणि १९८९ साली जर्मनीत कातुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन-टी रक्तात मोजण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. सन २००० मध्ये युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्याच बदलून ट्रोपोनिनला मध्यवर्ती स्थान दिले.

आता त्या पांढऱ्या कार्डाकडे वळू.

गडचिरोली जिल्ह्यातील माणसाला असे कार्ड नवीन नाही. ताप आला की आशाताई घरी येते, बोटाला टोचते, हिवतापाच्या कार्डावर रक्ताचा थेंब टाकते, आणि आपण सगळे त्या इवल्या खिडकीकडे डोळे लावून बसतो. एक रेघ आली तर सुटलो, आणखी रेघ आली तर हिवताप. ट्रोपोनिनचे कार्डही त्याच जातीचे. आतील कागदी पट्टीवरून रक्तद्रव पुढे सरकतो. वाटेत रंगीत कण चिकटविलेली प्रतिपिंडे असतात, ती ट्रोपोनिनला पकडतात, आणि ही जोडी पुढच्या ठरलेल्या जागी अडकून रंगीत रेघ दिसते. दुसरी रेघ केवळ कार्ड नीट चालले याची खूण. हिवतापाच्या कार्डात जंतूचे प्रथिन पकडतात, इथे हृदयाचे.

दिसायला सारख्या असणाऱ्या या दोन कार्डांत जो फरक आहे तो आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हता, आणि गावोगाव तो माहीत नसावा अशी मला भीती वाटते. हिवतापात थंडी वाजून ताप भरतो तो जंतू रक्तात वाढल्यामुळे. म्हणजे ताप येतो तेव्हा कार्डाला सापडणारी वस्तू बहुधा अगोदरच रक्तात हजर असते. हृदयाच्या झटक्यात क्रम उलटा आहे. दुखणे आधी, प्रथिन नंतर. पेशी मरायला वेळ लागतो, मेलेल्या पेशीतून प्रथिन झिरपायला वेळ लागतो आणि कार्डाला दिसण्याइतके ते साचायला आणखी वेळ लागतो. नेहमीच्या पद्धतीने मोजले तर ट्रोपोनिन दुखणे सुरू झाल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी वर येते, बारा ते चोवीस तासांच्या सुमारास शिखर गाठते आणि नंतर आठवडाभर, कधी दहा ते चौदा दिवसांपर्यंत, रक्तात रेंगाळते. मोठ्या बाबांचे रक्त दुखू लागल्यापासून एका तासाच्या आत घेतले होते. त्या वेळी एक रेघ येणे हे कार्डाच्या स्वभावाला धरूनच होते. तिसऱ्या दिवशी तेच ट्रोपोनिन भरपूर सापडले, हेही स्वभावाला धरूनच.

एका अर्थी आम्ही फार लवकर पोहोचलो, आणि लवकर पोहोचल्यामुळे फसलो. हे वाक्य लिहितानाही मला विचित्र वाटते. म्हणून कोणी उशिरा जावे असा त्याचा अर्थ अर्थातच नाही. लवकर जाणेच योग्य होते. फक्त पहिले कार्ड हा निकाल नव्हता. तेथे थांबवून घेऊन काही तासांनी पुन्हा रक्त तपासायला हवे होते, आणि त्याआधी कार्डिओग्राम काढायला हवा होता. त्या दवाखान्यावर माझा राग नाही. ज्या माणसाने कार्ड वाचले त्याने ते बरोबरच वाचले. त्या रेघेचा त्याने लावलेला अर्थ चुकला, आणि तो अर्थ आम्हीही तितक्याच आनंदाने स्वीकारला.

कार्डाच्या आणखी एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. अलीकडे मोठ्या रुग्णालयांत अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासणी होते. तिचे मोजमाप एका लिटरला किती नॅनोग्रॅम असे असते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. ट्रोपोनिन-आय मोजणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत पुरुषांसाठी लिटरला ३४ आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते. निरोगी माणसांपैकी ९९ टक्के लोक या मर्यादेखाली असतात. याउलट हातात धरण्याच्या पुष्कळशा कार्डांना लिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचेपर्यंत काही दिसतच नाही. म्हणजे मर्यादेच्या दहा-पंधरा पट ट्रोपोनिन रक्तात असूनही कार्ड कोरे राहू शकते. ते खोटे बोलते असे नव्हे. त्याची नजर अधू आहे. स्त्रियांची मर्यादा पुरुषांहून कमी असल्याने त्यांच्या बाबतीत ही अधू नजर अधिकच महाग पडते, असे मला वाटते.

अतिसंवेदनशील तपासणीतही एका आकड्यावर विसंबत नाहीत. पहिला नमुना आल्याबरोबर, दुसरा एक, दोन किंवा तीन तासांनी, आणि दोहोंतील चढ किंवा उतार पाहायचा, अशी पद्धत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या जागतिक व्याख्येतही ट्रोपोनिनचा चढ-उतार आणि त्याच्या जोडीला दुखणे, कार्डिओग्राममधील बदल किंवा तत्सम दुसरा पुरावा मागितला आहे. पहिल्याच नमुन्यात ट्रोपोनिन अगदी नगण्य असेल तर झटका नाही असे म्हणता येते. पण दुखणे सुरू होऊन तीन तास उलटून गेले असतील तरच.

साक्ष खरी, पण कोणाविरुद्ध?

निगेटिव्ह कार्डाने आम्ही फसलो; पॉझिटिव्ह कार्डानेही फसता येते. ट्रोपोनिन एवढेच सांगते की हृदयाचा स्नायू दुखावला. तो कशाने दुखावला हे सांगणे त्याच्या हाती नाही. हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसाच्या रोहिणीतील गुठळी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा जुना आजार, अशा अनेक अवस्थांत ते वाढते.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच आहे, आणि ते मला फार बोलके वाटले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड (तेव्हाच्या कुलाबा) जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली. विंचवाच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा एकदम पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते, असे त्यातून स्पष्ट झाले. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९८२ मध्ये त्यांनी हृदयाची ही पूर्वलक्षणे मांडली, आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा विंचूदंशात हृदयाचा स्नायू खरोखर दुखावतो, आणि रक्तात ट्रोपोनिन वाढलेले सापडते. पण रोहिणीत गुठळी मात्र नसते. कार्डाची रेघ पाहून अशा रुग्णाला गुठळी विरघळविण्याचे औषध दिले, तर उपचार भलत्याच रोगावर होईल. रेघ तीच, रोग वेगळा.

आपल्या भागात याची दुसरीही बाजू आहे. सिकलसेलचे रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्या छातीतील तीव्र दुखणे पुष्कळदा फुप्फुसाच्या गुंतागुंतीतून येते. 'छातीत दुखते' एवढ्या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही. माणसाचे वय, दुखण्याची तऱ्हा, घाम, श्वास, जुने आजार हे सारे डॉक्टरला विचारावे लागते, आणि ते सांगताना आपणही कंजुषी करू नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर छातीत न दुखताही नुसता दम लागणे, मळमळणे किंवा गळून जाणे एवढ्यावरच झटका येऊन जातो.

कार्डिओग्राम आधी का?

हृदयाच्या विजेचा आलेख कागदावर काढण्याची विद्या हॉलंडच्या आइंटहोवेन यांची. तिच्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर वर्षांची ही जुनी विद्या ट्रोपोनिनसारख्या नव्या तपासणीहून अगोदर यावी याचे कारण वेळ हेच. मोठी रोहिणी पूर्ण बंद झाली असेल तर पुष्कळदा कार्डिओग्राममध्ये ती खूण काही मिनिटांत उमटते. तिला पेशी मरून प्रथिन झिरपण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून रुग्ण दाखल झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत कार्डिओग्राम निघावा असा दंडक आहे, आणि त्यात बंद रोहिणीची स्पष्ट खूण दिसली तर रक्ताच्या रिपोर्टासाठी थांबूच नये असेही. अशा रुग्णाला रिपोर्टाची वाट पाहत बसवणे म्हणजे घर जळताना धुराचा रंग तपासणे होय. उलट कार्डिओग्राम पहिल्यांदा साधा दिसला म्हणून झटका नाही असेही ठरत नाही. तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि अशाच रुग्णांत ट्रोपोनिनची खरी किंमत कळते.

वेळेचा इतका आग्रह कशासाठी, याचे उत्तर १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात सापडते. झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांवर तो झाला होता. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन या प्रत्येकाने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले, आणि दोन्ही मिळून दिल्यास ४२ टक्क्यांनी. औषध जितके लवकर, तितका लाभ अधिक. आता शहरात फुग्याने रोहिणी उघडण्याची शस्त्रक्रिया अधिक चांगली मानतात. पण ती दोन तासांच्या आत होण्यासारखी असेल तर. मुलचेऱ्याहून नागपूर दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की लगामपर्यंत किंवा आष्टीपर्यंत पोहोचणे हीच मोठी मजल. आपल्यासाठी म्हणूनच पहिले इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात आणि मग पुढचा प्रवास हा क्रम महत्त्वाचा ठरतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात सुरू आहे. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याऐवजी आम्ही तो क्रमांक फिरवायला हवा होता, हे मी कबूल करतो. तेव्हा ते सुचले नाही.

'हा शहरी, खात्यापित्या लोकांचा रोग. जंगलात राबणाऱ्याला तो कुठला?' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मोठ्या बाबांच्या बाबतीतही घरात हेच बोलले गेले. वस्तुस्थिती निराळी आहे. गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. मेंदूचा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. शंभरांतील सुमारे १४ मृत्यू त्याने झालेले होते. पक्षाघात आणि हृदयाचा झटका ही सख्खी भावंडे. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांच्याच घरी दोघे वाढतात. आणि तंबाखूचा विषय निघाला की आपल्या भागातील खर्ऱ्याचे नाव घ्यावेच लागते. मोठे बाबा दिवसाला किती पुड्या खात हे मोठ्या आईने डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते तिच्यावर रागावले. पण तिने आकडा कमी केला नाही. जगातील ५२ देशांत झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो, सरासरीने ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ च्या आसपास. मोठे बाबा ५४ वर्षांचे होते. मला ते तरुण वाटत होते. आकड्यांच्या हिशेबात ते अगदी वेळेवर होते.

शेवटी आणखी एका तपासणीविषयी थोडेसे. ती आता आमच्या घरी दर काही महिन्यांनी होते. झटक्यानंतर दुबळ्या झालेल्या हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की त्या बी.एन.पी. नावाचे एक द्रव्य रक्तात सोडतात. जपानी शास्त्रज्ञांना ते १९८८ साली डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू शिरला आणि तसाच राहिला. प्रत्यक्षात ते मुख्यत्वे हृदयातूनच येते. रुग्णाला लागणारा दम फुप्फुसामुळे की हृदयामुळे, हे ठरविण्यास त्याची मदत होते. झटका आला की नाही हे मात्र ते सांगत नाही.

मोठे बाबा आज हयात आहेत. तेंदूपत्त्याला जात नाहीत. चढण आली की थांबतात, आणि थांबल्यावर झाडाकडे पाहण्याचे निमित्त करतात. त्यांचे सर्व कागद मोठी आई खताच्या रिकाम्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवते. गेल्या वेळी डॉक्टरांनी सांगितले की, पुढे कधी दुखले तर सर्वांत आधी जुना कार्डिओग्राम दाखवा. नव्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणता बदल जुना आणि कोणता ताजा हे कळत नाही. आणि दुखणे सुरू झालेली वेळ कागदावर लिहून आणा. तेव्हापासून त्या पिशवीत एक पेन्सिलही आहे.